पुन्हा वाच ना!

माझ्यासमोर टेबलावर एक चित्रपुस्तक पडलं आहे. मुखपृष्ठ कधीच गळून गेलं. मधली पानं दाभणानं टोचून जाड दोऱ्यानं शिवलेली, कोपरे दुमडून दुमडून मऊ पडलेले, एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं आणि शेवटच्या पानाच्या कडेला चिकटपट्टीचे तीन थर. पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीत आम्ही काही जण दर शनिवारी दुपारी मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. तिथल्या पत्र्याच्या ट्रंकेत हे पुस्तक गेली नऊ वर्षं आहे. ट्रंकेत दीडशेच्या वर पुस्तकं असतील. त्यातली बरीचशी अजून कोरी दिसतात. हे मात्र ट्रंकेचं झाकण वर होतं न होतं तोच कुणाच्या तरी हातात गेलेलं असतं.

या संग्रहाची प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा हे पुस्तक समोर घेऊनच लिहावंसं वाटलं. पुढच्या पानांत अठरा जणांनी आपापले अनुभव सांगितले आहेत. त्यांत एक रिक्षावाले काका आहेत, एक अंगणवाडीताई, दोन आज्या, एक ग्रंथपाल, महापालिकेच्या शाळेतले एक शिक्षक, आणि बाकीचे दिवसभराची नोकरी करून संध्याकाळी दमून घरी पोचणारे आईबाप. कुणी लेखक नाही. सगळ्यांचे लेख हाती आल्यावर एका बैठकीत वाचून काढले, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे जाणवली. मूल पुस्तकाकडे वळलं ते कुणीतरी त्याला जवळ घेऊन वाचून दाखवत होतं म्हणून, आणि पुस्तकापासून तुटलं ते बहुतेक वेळा त्या वाचण्यात परीक्षा शिरली म्हणून. प्रत्येकाची वाट वेगळी, पण प्रत्येक जण येऊन पोचतो तो याच जागी.

पुण्यात पुस्तकांची वानवा आहे असं कुणी म्हणणार नाही. १८४८ साली इथे ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ सुरू झाली. तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. बालभारती इथे, साने गुरुजींनी सुरू केलेलं ‘साधना’ इथे, मुलांची पुस्तकं काढणारे कितीतरी प्रकाशक इथे, आणि जूनमध्ये पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. या सगळ्यात मला मोलाचं वाटतं ते एका मासिकाचं नाव. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली पुण्यातून मुलांसाठी मासिक काढलं आणि त्याला नाव दिलं ‘आनंद’. तो काळ डोळ्यांपुढे आणा. मुलांच्या हाती जे द्यायचं त्यातून नीती शिकवली गेलीच पाहिजे, असं मानणारा तो काळ. ‘बोध’, ‘सदाचार’, ‘ज्ञान’ यांपैकी कुठलंही नाव त्यांनी ठेवलं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं. पुढे गोपीनाथ तळवलकरांनी वर्षानुवर्षं हे मासिक सांभाळलं. आणि आपल्या काळात माधुरी पुरंदरे यांनी मराठी साहित्यातले निवडक वेचे आणि सुंदर चित्रं एकत्र आणून मुलांसाठी चार भागांचा संच केला, त्याचं नाव ‘वाचू आनंदे’. या दोन नावांमध्ये जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर आहे आणि शब्द एकच आहे. मुलांसाठी आयुष्य वेचलेल्या माणसांना वाचनाबद्दल सगळ्यांत आधी हाच शब्द सुचतो, हे आपण आईबापांनी जरा थांबून बघायला हवं.

मुलांच्या ‘किशोर’ मासिकाचा पहिला अंक नोव्हेंबर १९७१मध्ये निघाला, आज त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. भा. रा. भागवतांचा (१९१०-२००१) बनेश ऊर्फ फास्टर फेणे फुरसुंगीहून विद्याभवनात शिकायला आला आणि सायकलवरून त्यानं पुण्याच्या मुलांना त्यांचंच गाव नव्यानं दाखवलं. माधुरी पुरंदरे यांच्या यशच्या आणि राधाच्या पुस्तकांत आपल्याच घरातल्या गाद्या, भांडी, मामा, शेजारी आहेत. मुलांना द्यायला खजिना भरपूर आहे. अडतं ते खजिना आणि मूल यांच्यामधल्या दोन हात अंतरात.

त्या अंतराविषयी सांगायचं तर माझ्या घरातलंच सांगते.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना मी त्याला रोज रात्री एक गोष्ट वाचून दाखवायची. मी शिक्षिकेची मुलगी. गोष्ट संपली की माझ्या तोंडून आपोआप यायचं, “मग? काय कळलं यातून?” सुरुवातीला तो उत्साहानं उत्तर द्यायचा. खोटं बोलू नये. मोठ्यांचं ऐकावं. मी खूश व्हायची आणि दिवा मालवायची. हळूहळू गोष्ट सुरू झाली की तो चुळबुळ करायला लागला. मला वाटलं, दमला असेल. मग एके रात्री मी शेवटचं पान उलटणार तेवढ्यात त्यानं पानावर पालथा हात ठेवला आणि म्हणाला, “आई, शेवटचं पान नको. ते वाचलं की तू विचारतेस.”

तो हात मला अजून दिसतो. गोष्टीचा शेवट ऐकायचा सोडायला तो तयार होता, कारण शेवटानंतर परीक्षा होती. मी रोज प्रेमानं वाचत होते आणि रोज थोडं थोडं वाचन त्याच्या मनातून काढून टाकत होते. त्या रात्रीपासून विचारणं बंद केलं. पहिले काही दिवस गोष्ट संपल्यावरची शांतता मला सहन व्हायची नाही, जीभ वळवळायची. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात त्याचा आवाज आला, “त्या कोल्ह्याला घरी कुणी नव्हतं का गं?” मी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा हा प्रश्न खोल होता, आणि तो त्याचा होता.

दानिएल पेनाक नावाच्या फ्रेंच लेखकानं, जो स्वतः शाळेत शिकवत होता, १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले. पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क, पानं गाळण्याचा हक्क, तेच पुस्तक पुन्हा वाचण्याचा हक्क, आणि सगळ्यांत पहिला हक्क न वाचण्याचा. आपण मोठी माणसं हे सगळे हक्क रोज बजावतो. कंटाळवाणं पुस्तक बाजूला ठेवतो, आवडलेलं चौथ्यांदा काढतो. मुलाला मात्र सांगतो, हे झाल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही. आणि तेच पुस्तक त्यानं पुन्हा मागितलं तर, “अरे, वाचलंय ना ते?” पण लहान मुलाला पुन्हा तेच हवं असतं, कारण पुढचं काय येणार हे आता त्याला ठाऊक असतं आणि ठाऊक असलेलं बरोबर येतं याचा त्याला आनंद होतो. गोष्ट त्याच्या ताब्यात येत असते. “पुन्हा वाच ना” हे शब्द ऐकू आले की काम चाललंय असं समजावं. एका आजींनी आपल्या लेखात लिहिलंय की नातवाला एकच पुस्तक त्यांनी सलग दोन महिने वाचून दाखवलं. मग एक दिवस नातवानं ते हातात घेऊन त्यांना ‘वाचून’ दाखवलं, बोट बरोबर ओळीखाली, पान बरोबर जागी उलटत. त्याला अजून एकही अक्षर येत नव्हतं.

डिसेंबर २०२३मध्ये पुणे पुस्तक महोत्सवाच्या निमित्तानं स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर ३,०६६ पालकांनी एकाच वेळी आपल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवली आणि त्याची गिनीज विक्रम म्हणून नोंद झाली. आधीचा विक्रम चीनच्या नावावर होता. पुढच्या वर्षी, ११ डिसेंबर २०२४ला, दुपारी बारा ते एक ‘शांतता... पुणेकर वाचत आहेत’ असा उपक्रम झाला. अशा उत्सवांनी काय होतं, असं विचारणारे भेटतात. मला विचाराल तर मला ते हवेसे वाटतात. या संग्रहातले एक वडील त्या मैदानावर होते. ऑफिसातल्या मित्रानं नाव दिलं म्हणून गेले होते. मुलीला मांडीवर घेऊन पुस्तक वाचण्याची त्यांची ती आयुष्यातली पहिली वेळ. चार-पाच मिनिटांचा कार्यक्रम, टाळ्या, फोटो, संपलं. रात्री जेवणं झाल्यावर मुलगी पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, मैदानावर वाचलंस तसं वाच.” त्यांनी लिहिलंय की विक्रमाचं काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं, पण त्यांच्या घरात सुरू झालं ते त्या रात्री.

आता एका अवघड गोष्टीकडे येते. पुण्यातल्या हजारो मराठी घरांत आज अशी मुलं वाढतायत, जी मराठी बोलतात, मराठीत भांडतात, मराठीत स्वप्नं बघतात, पण मराठी वाचू शकत नाहीत. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी हा आठवड्यातल्या काही तासांचा विषय, आणि विषय म्हटलं की गुण आले. या मुलांना देवनागरी अक्षरं येतात, जोडाक्षरांपाशी गाडी अडते, आणि दहाव्या वर्षी पाच वर्षांच्या मुलाचं पुस्तक हातात धरायची लाज वाटते. आईबाप हळहळतात, मुलाला रागावतात, क्वचित शिकवणी लावतात. मला यावर एकच उपाय माहीत आहे. मुलाला वाचायला लावू नका, त्याला वाचून दाखवा, आणि त्याच्या वयाचं दाखवा. दहा वर्षांच्या मुलाला अक्षरं जमत नसली तरी फास्टर फेणेची धडपड पूर्ण कळते. डोळे मागे असले तरी कान पुढे असतात. कानांनी भाषा पुरेशी साठवली की डोळे एक दिवस तिथवर पोचतात.

कोथरूडमधल्या एका सोसायटीतला प्रसंग या संग्रहात आहे. आठ वर्षांची मुलगी, आजी वाचतेय, गोष्टीत ‘कोनाडा’ हा शब्द आला. “कोनाडा म्हणजे?” आता सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोनाडा कुठून दाखवणार? आजीनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि नारायण पेठेतल्या आपल्या वाड्यातला कोनाडा सांगायला सुरुवात केली. तिथे संध्याकाळी पणती असायची, दुपारी तिथेच आजोबांचा चष्मा आणि सुपारीचा अडकित्ता, आणि १९६१ साली पानशेतचं धरण फुटून पूर आला तेव्हा पाणी त्या कोनाड्याच्या किती खाली येऊन थांबलं होतं, ते तिनं पलंगावर उभं राहून भिंतीवर हातानं दाखवलं. गोष्ट त्या रात्री पूर्ण झाली नाही. दुसऱ्या दिवशी मुलीनं बुटांच्या कपाटातला एक खण रिकामा केला, त्यात दोन पुस्तकं आणि एक बॅटरी ठेवली, आणि वर कागद चिकटवला. जोडाक्षर नसलेला तो शब्द तिनं स्वतःहून, बिनचूक लिहिला होता: कोनाडा.

वस्तीतली अडचण वेगळी असते. तिथे मूल बहुधा मराठी शाळेत जातं, पण घरात पुस्तक नसतं आणि पुष्कळदा वाचून दाखवणारं कुणी नसतं. घरं दहा बाय दहाची, टीव्ही चालू, अभ्यासाला कोपरा नाही. शिवाय घरची बोली लातूरची, सोलापूरची, किंवा भाषाच कानडी, तेलुगू, लमाणी. पुस्तकातली मराठी त्या मुलाला जवळजवळ परकी वाटते. अशा वेळी ‘घरी वाचनाचं वातावरण ठेवा’ असं आईला सांगणं फार कठोर आहे. आमच्या शनिवारच्या वर्गाला एकदा एक आई आली. चार घरची धुणीभांडी करून आली होती, मुलीला न्यायला. मी म्हटलं, बसा, आज तुम्ही वाचून दाखवा. तिनं मान हलवली, “मला वाचाय येत न्हाई ताई.” मी म्हटलं, चित्रात काय दिसतंय तेवढं सांगा. मुलगी मांडीवर येऊन बसली. पान उघडलं. नळावर भांडी घासणारी बाई होती. आईनं बराच वेळ त्या चित्राकडे बघितलं. मग म्हणाली, “हिनं पदर खोचला न्हाई. भिजंल की आता सगळी.” मुलगी हसली. आई पुढे बोलायला लागली: हा नळ असा रस्त्याकडेला म्हणजे पाणी पहाटेचं येत असणार, हे पातेलं हिचं नाही, शेजारणीचं आहे, कारण बाकीची भांडी बघ आणि हे बघ. त्या चित्रातून तिनं जे काढलं ते मला शंभर वेळा बघून दिसलं नव्हतं. आणि मुलगी आईच्या तोंडाकडे बघत होती, चित्राकडे बघायची विसरून. सुरुवातीला सांगितलेलं हळदीचं बोट त्याच आईचं आहे. पुस्तक त्या दिवशी त्यांच्या घरी गेलं होतं.

ही वाट आमच्या आधी ज्यांनी पाडली त्यांचं ऋण मोठं आहे. १९८५ साली सारसबागेसमोर गरवारे बालभवन सुरू झालं. तिथे शोभा भागवत यांनी मुलांशी कसं बोलावं हे पुण्यातल्या पालकांच्या पिढीला शिकवलं. १९८७पासून ‘पालकनीती’ मासिक हेच बोलत आलं आहे, आणि त्याच परिवाराचं कोथरूडच्या लक्ष्मीनगरमधलं ‘खेळघर’ १९९६पासून वस्तीतल्या मुलांबरोबर काम करत आहे. मुलांना लहानपणापासून वाचून दाखवावं, या निष्कर्षाला परदेशातही माणसं आली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला १९९२ साली ‘बुकस्टार्ट’ सुरू झालं. तान्ह्या मुलांची तपासणी करणाऱ्या परिचारिकांच्या हातून घरोघर पुस्तकं पोचवायची, इतकी साधी कल्पना. आपल्याकडे बाळंतविड्यात झबली-टोपडी असतात, दुपटी असतात. त्यात एक पुस्तक का नसावं?

मोबाइलचं काय, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. मी त्यावर फार बोलत नाही. मुलाला आपला वेळ आणि आपला आवाज मिळत असेल तर त्याला मोबाइलपेक्षा तेच हवं असतं, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की मला त्याची शंका उरलेली नाही. पंधरा मिनिटं पुरतात. पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असंही नाही. नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयासारखी ग्रंथालयं मुलांची वाट बघत असतात. आणि घरात असलेली पुस्तकं कृपा करून काचेच्या कपाटातून बाहेर काढा. फाटतील. फाटू द्या. चिकटपट्टी मिळते.

आणखी एक चूक पुष्कळ चांगले आईबाप करतात. मूल स्वतः वाचायला लागलं की त्याला वाचून दाखवणं बंद करतात. आता येतंय ना, मग वाच तुझं तू. मुलाच्या बाजूनं बघा. इतके दिवस रोज रात्री आई किंवा बाबा जवळ यायचे, आणि वाचायला शिकल्याचं बक्षीस म्हणून ते यायचे थांबले. या संग्रहातले रिक्षावाले काका सहावीतल्या मुलीला अजून वाचून दाखवतात. सध्या ‘तोत्तोचान’ चालू आहे, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेलं, रोज एक प्रकरण. रात्री अडखळायला नको म्हणून ते दुपारी स्वारगेटला भाड्याची वाट बघत बसले असताना पुढचं प्रकरण एकदा वाचून ठेवतात. त्या पुस्तकात नव्या शाळेच्या पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक कोबायाशी छोट्या तोत्तोचानचं बोलणं चार तास ऐकून घेतात. ते वाचल्यावर मुलीनं विचारलं, “बाबा, चार तास कुणी कुणाचं ऐकतं का?” काकांनी लिहिलंय, “मी म्हणालो, बोल. मी ऐकतो. ती पावणेबारापर्यंत बोलत होती. सकाळी पाचला गाडी काढायची होती तरी मला झोप आली नाही.”

आमच्या वर्गात गेल्या पावसाळ्यात दुसरीतला एक मुलगा पहिल्यांदाच सगळ्यांसमोर वाचायला उभा राहिला. बोट ओळीखाली. एका शब्दाशी अडला. “प... त... र...” पुन्हा मागे गेला. “पत्... पत्‌रा...” आणि मग मान एकदम वर करून, छताकडे बोट दाखवून ओरडला, “पत्रा! ह्यो पत्रा!” तेवढ्यात खरंच सर आली. पत्र्यावर पावसाचा असा ताशा सुरू झाला की त्याचं पुढचं काही ऐकू येईना. ओठ हलत होते, बोट सरकत होतं. मी त्याला थांब म्हणणार, तोवर पोरं आपणहून सतरंजीवरून सरकत सरकत पुढे आली, बावीस डोकी त्या एका पुस्तकाभोवती, आणि मागे राहिलेली एक मुलगी पावसाच्या वरताण ओरडली, “ए, पहिल्यापासनं! पुन्हा वाच ना!”